आबांची गाठ आणि माझा प्रबंध

५ जानेवारी
धाराशिवच्या लॅबमधून फोन. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अजून आलेला नाही, म्हणजे इन्क्युबेटर बंद, म्हणजे मी बंद. नोव्हेंबरपासून हेच चाललंय. पीएच.डी.चं पाचवं वर्ष. प्रश्न केवढासा, तर शेळीच्या थायरॉइडच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांचा टीएसएच (त्यांना जागं ठेवणारं संप्रेरक) काढून घ्यायचा, त्या झोपल्या की परत द्यायचा आणि झोपलेलं जनुक किती दिवसांनी जागं होतं ते मोजायचं. सध्या बशीच रिकामी आहे.

पहाटे खराट्याचा आवाज. बघते तर आबा अंगण झाडून झाल्यावर शेजाऱ्यांचं अंगण झाडत होते. बहात्तर वर्षांचा सासरा शेजाऱ्यांचं अंगण झाडतोय आणि सून पांघरुणात. शेजारीण दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, ते बघणं मी जन्मात विसरणार नाही.

८ जानेवारी, बाजाराचा दिवस
भूममध्ये कडाक्याची थंडी. कॉलेजात (मी बारावीला शिकवते) मुलं मफलरमधून बोलतायत. आबा मात्र घोंगडी फेकून, बनियनवर, पंख्याखाली. धनगराच्या अंगावर जानेवारीत घोंगडी नाही म्हणजे काय. विचारलं तर म्हणाले, थंडी राहिलीय कुठं आता.

दुपारी शेळ्या घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले, जेवायला आले, परत गेले. शेळ्या उस्मानाबादी, काटक जात, पण त्यासुद्धा संध्याकाळी आल्या आल्या पाय दुमडून बसल्या. एकीनं तर पाला बसूनच खाल्ला.

हे (एस.टी.तून आठ वाजता उतरले, चेहरा लाल) म्हणाले, आबा आज स्टँडवर आले होते आणि त्यांनी डेपोच्या वेळापत्रकावर अर्धा तास भाषण दिलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरचा बाप म्हणून ह्यांना खाली मान घालावी लागली. पण मनातून खूश आहेत. मलाही बरं वाटलं. आत्याबाई (माझ्या सासूबाई) गेल्यापासून दोन वर्षं आबा ओट्यावर नुसते बसून होते. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. त्यापेक्षा भाषण बरं.

९ जानेवारी
आबांच्या सुधारणेचं श्रेय कुणाचं यावर जेवताना चर्चा. ह्यांच्या मते घराण्याचं खोडच चिवट. माझ्या मते करडईचं तेल, जे मी ऑक्टोबरपासून चालू केलं. आबा सातवी भाकरी मोडत होते. एवढं खाऊन सदरा खांद्यावरून घसरतोय. काटक झालेत, असं आम्ही दोघंही म्हणालो. मी जीवशास्त्राची एम.एस्सी., हे नमूद करून ठेवते.

१२ जानेवारी
बारावीला संप्रेरकांचा धडा. माझा आवडता. फळ्यावर पेशी काढली. मेंदूखालच्या पियुषिकेतून टीएसएच निघतो, थायरॉइडच्या पेशीच्या पडद्यावर त्याचा रिसेप्टर असतो, तिथं तो लागतो. स्वतः आत जात नाही. आत सीएएमपी वाढतं, तो निरोप केंद्रकापर्यंत पोचतो, आणि थायरोग्लोब्युलिनचं जनुक वाचायला सुरुवात होते. त्यातूनच पुढं थायरॉक्सिन. रक्तात ते पुरेसं झालं की पियुषिका गप्प. टीएसएच नाही तर निरोप नाही, निरोप नाही तर जनुक बंद. पुस्तकात अवटू ग्रंथी म्हणतात, पोरं हसतात.

मग थायरॉइड जास्त झाल्याची लक्षणं. गरम होणं, वजन घटणं, भूक वाढणं, हात थरथरणं, झोप न येणं, सतत काहीतरी करत राहणं. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्या गल्लीत येक आजोबा आसेच हायत. पाटं आमचं बी आंगण झाडतेत." 

वर्ग हसला. मी पण हसले. मग माझ्या हातातला खडू पडला. शेजारणीची पुतणी आहे ती.

१३ जानेवारी
सकाळी आबांचा हात धरला. नाडी ११८. बोटं पसरायला सांगितली, वर वहीचा कागद ठेवला. कागद फडफडत होता. त्यांचं रक्त तपासायला दिलं. गाढवासारखी राबते आणि घरातल्या माणसाच्या अंगावर माझा अख्खा धडा लिहिलेला असून वाचता आला नाही. करडईचं तेल म्हणे.

१५ जानेवारी
रिपोर्ट. टीएसएच मोजता येत नाही इतका कमी. थायरॉइडची संप्रेरकं, टी-थ्री आणि टी-फोर (तेच थायरॉक्सिन), वर, खूप वर. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, हे तुझ्याकडून लागलं का? मी लॅबचा कोट घरी आणते म्हणून. थायरॉइड कोटातून लागत नाही, हे समजवण्यात जेवण गार झालं.

१९ जानेवारी
बार्शी. डॉक्टर शांत, भले. आबांचा गळा चाचपला, डोळे पाहिले. गळ्याला सूज नाही, डोळे नीट. छातीला यंत्र लावल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. ठोका मधूनच चुकतोय. या वयात असंच चालू राहिलं तर हृदयात गुठळी होते, ती डोक्यात गेली की झटका. सरळ सांगितलं, आडपडदा नाही. तूर्त ठोका आवरायची गोळी. २ फेब्रुवारीला सोलापूरला स्कॅन. थायरॉइडची गाठ पेटलेली, म्हणजे अति काम करणारी निघाली तर औषध पाजून ती जाळून कायमची निकामी करायची, मग जन्मभर सकाळी एक गोळी.

येताना एस.टी.त आबा म्हणाले, "जाळू द्या. पर आदी पानंद रस्त्याचं काम उरकून घेतो." शेतांकडे जाणारी ती वाट दुरुस्त करायचं काम त्यांनीच अंगावर घेतलंय.

मला भीती वाटतेय. नीट लिहिते, भीती वाटतेय. आत्याबाई अशाच अचानक गेल्या.

२१ जानेवारी
अँटिबॉडीचा रिपोर्ट. नाहीत. म्हणजे टीएसएचऐवजी रिसेप्टरची बेल दाबून धरणारं कुणी नाही. मग कारखाना चालू कसा?

आज मोत्याकडे लक्ष गेलं. आबांचं कुत्रं, दहा वर्षांचं, एरवी सरपणावर पडून असतं. ते गोठ्याला फेऱ्या मारत होतं. बरगड्या दिसतायत, जीभ बाहेर. ह्यांना म्हटलं, कुत्रंही तसंच वागतंय. हे म्हणाले, धन्याचा गुण लागला. हा माणूस नोकरीवर तिकिटं बरोबर फाडतो, एवढंच.

२४ जानेवारी
बार्शीच्या डॉक्टरांना फोन केला. धाडसच. म्हटलं, थायरोग्लोब्युलिन बघूया का. आबांची गाठ खरंच पेटली असेल तर ते जनुक धडाधड वाचलं जात असणार आणि रक्तात थायरोग्लोब्युलिन भरपूर सापडणार. सुजून फुटली असली तरी साठलेलं बाहेर सांडून वाढणारच. डॉक्टर म्हणाले, बघा, चांगला मुद्दा आहे. फोन ठेवल्यावर उगीच आरशात बघून आले.

२७ जानेवारी
थायरोग्लोब्युलिन जवळजवळ शून्य.

तीनदा वाचलं. म्हणजे आबांची गाठ पेटलेली नाही, ती गाढ झोपलीय. टीएसएच नाही, रिसेप्टरवर कुणी नाही, जनुक बंद. माझ्या बशीत जे व्हायला मला साडेचार वर्षं लागली ते आबांच्या गळ्यात आपोआप झालंय. आणि रक्त तर थायरॉक्सिननं भरलंय. मग ते बाहेरून येतंय. कुणीतरी आबांना थायरॉइड खाऊ घालतंय.

डॉक्टर म्हणाले, थायरॉइडच्या गोळ्या शोधा घरात. सापडलं तर सोलापूर रद्द. नाही सापडलं तर २ तारीख ठरलेली.

२८ जानेवारी
झडती. आबांची ट्रंक, उशी, पटक्याचा कोपरा. सापडलं ते असं: आत्याबाईंचा एक फोटो, चुन्याची डबी, खोबऱ्याचा तुकडा. आबा चिडले. आयुष्यात एक गोळी खाल्ली नाही म्हणाले, आता बार्शीवाल्याची खातोय तीही माझ्या तोंडाकडे बघून. ह्यांनी शेजारच्या घरातही विचारलं, कुणाच्या गोळ्या हरवल्यात का. शेजारीण म्हणाली, गोळ्या नाहीत, पण आमचा खराटा झिजला.

अर्धा दिवस वाया. स्वयंपाकघर तर माझंच. मी जे खाते तेच आबा खातात, मटण सोडून. माहेर माळकरी असल्यानं मी मटणाला शिवत नाही. त्यांची चूल गोठ्यापाशी, भांडी वेगळी. आत्याबाई असतानापासून तशीच पद्धत आहे. (माळकऱ्याची लेक शेळीच्या गाठींवर पीएच.डी. करते यावर माहेरी अजून कुणी बोलत नाही. मी हातमोजे घालते, एवढं वडलांना सांगितलंय.)

२९ जानेवारी, बाजार
लॅबचा फोन, सिलिंडर आला. नेमका आजच यायचा होता. म्हटलं, चला, निदान पेशींचं काम तरी सुरू करू. कॉलेज सुटल्यावर थर्माकोलचा डबा घेऊन मटणवाल्या हमीदभाईंकडे गेले. आबांची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख, आबांचे बोकड तेच घेतात. ऑक्टोबरात मीच त्यांना शेळीच्या गळ्यातली गाठ ओळखायला शिकवली होती, नळीच्या दोन्ही बाजूंना, तांबूस. फार हुशार माणूस, दुसऱ्याच दिवशी माझ्यापेक्षा सफाईनं काढायला लागले.

म्हटलं, हमीदभाई, आजपासून गाठी परत लागतील.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "परत म्हंजे? बंद कवा झाल्त्या मॅडम? आजच्या तर सकाळीच आबा घेऊन गेले."

कुठल्या गाठी, म्हटलं. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. मॅडमनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत रोजच्या राखून ठेवायच्या, एकही टाकायची नाही. मॅडम यायच्या बंद झाल्या. मॅडमना वेळ नसेल म्हणून ते आबांकडे द्यायला लागले. बाजाराच्या दिवशी आणि मधेही एकदा. वर दुकानातला बर्फसुद्धा घालून. "येक बी दिवस चुकवला न्हाय," म्हणाले, आणि शाबासकीसाठी थांबले.

बंद करा, हे सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात सिलिंडर संपला त्या दिवशी मी माझ्या गाइड सरांना कळवलं, लॅबला कळवलं, कॉलेजला रजा रद्द केल्याचं कळवलं. हमीदभाईंना कळवलं नाही. 

रिकामा डबा घेऊन घरी आले. गोठ्यापाशी चूल पेटलेली. आबा तव्यावर तिखट-मीठ लावून परतत होते. मोत्या समोर बसून लाळ गाळत होता.

३० जानेवारी
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.

तवा मी उचलून उकिरड्यावर रिकामा केला. मोत्यानं धाव घेतली तर त्यालाही हाकललं.  मग विचारलं, आबा, ह्या का खाल्ल्या तुम्ही? मला वाटलं होतं, चव लागली म्हणतील.

"तू दर आठवड्याला बर्फात घालून तुज्या सायबाला नेत व्हतीस. म्या म्हनलं, येवढा मोटा सायेब, धाराशिवला बसून दर आठवड्याला खातोय, म्हंजी औशदीच आसनार."

त्यांना वाटत होतं, सर खातात. सरांना काहीतरी नेऊन दिल्याशिवाय पीएच.डी. कशी मिळेल, हे त्यांच्या दृष्टीनं सरळ होतं. मी नेणं थांबवलं तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, साहेबाचं पोट भरलं असेल. मग हमीदभाईंनी फुकट दिल्यावर टाकायच्या कशा. आणि खरंच गुण आला की. आठ-पंधरा दिवसांत पाय हलके झाले, भूक लागली, पहाटे जाग यायला लागली. ह्यांना नाही दिल्या, तरण्या माणसाला कशाला ताकदीचं. मोत्याला मात्र तव्यातलं पुसून द्यायचे, तोही म्हातारा म्हणून.

शिजवून थायरॉक्सिन मरत नाही. सांगितलं त्यांना सगळं. शेळीच्या गाठीत साठलेलं तुमच्या रक्तात आलं, म्हणून वरून निरोप यायचा थांबला, म्हणून तुमची स्वतःची गाठ झोपलीय. तिला काही झालेलं नाही, जाळायची गरज नाही. खाणं बंद केलं की सगळं ओसरेल.

आबांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाले, "म्हंजी येवढे दीस अंगण झाडत हुता त्यो म्या नव्हतोच म्हन की."

 जा, हात धुऊन घ्या, म्हटलं. मग आत येऊन रडले. ह्यांना वाटलं, तव्यानं भाजलं.

३१ जानेवारी
सोलापूर रद्द. बार्शीचे डॉक्टर फोनवर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग गंभीर झाले. ठोक्याची गोळी चालूच. पण आधीच सांगून ठेवलं, बाहेरचं ओसरेल आणि स्वतःची गाठ जागी होईल, या दोन्हींच्या मधे काही आठवडे रिकामे जातील. मंदपणा येईल. सांभाळा.

सांगायची गरज नव्हती. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तेच आहे.

३ फेब्रुवारी
धाराशिव. सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, फेरी मारून आले. म्हणाले, तुम्ही बशीत जे करताय ते निसर्गानं तुमच्या ओट्यावर मांडून दिलंय, दर पंधरवड्याला रक्त घ्या, थायरोग्लोब्युलिन कधी परत येतं बघा, आपण लिहू. डोळे चमकत होते. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि हळूच विचारलं, मी खातो असं त्यांना खरंच वाटत होतं का. हो म्हटलं. सर शाकाहारी आहेत. फार लागलं त्यांना.

११ फेब्रुवारी
नाडी ८४, ठोका नियमित. मोत्या सरपणावर परत आडवा. आबा पहाटे उठतात पण बाहेर येत नाहीत, खाटेवर बसतात.

पानंद रस्त्यासाठी तीन माणसं विचारायला आली. आबांनी सांगितलं, तुमीच बघा आता.

१९ फेब्रुवारी, बाजार
हमीदभाईंनी गाठी थेट माझ्याच हातात दिल्या आणि वर पोटच्या पोरीची घ्यावी तशी माझी शपथ घेतली की आबांना दाखवणारसुद्धा नाही. फार अपराधी झालेत. दुकानावर गिऱ्हाइकांना सांगत असतात, गळ्याची गाठ कुणी मागू नका, ती फक्त पीएच.डी.ला चालते.

२५ फेब्रुवारी
घोंगडी परत आली. उन्हं तापायला लागली तरी आबा ती काढत नाहीत. आवाज जड झालाय. दीड भाकरी. टी-फोर कमी, टीएसएच अजून वरच आलेला नाही. पियुषिका पण झोपलीय, एवढे दिवस गप्प बसायची सवय लागलेली. ह्यांना चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्र बघितलं, कागद घडी करून माझ्याकडे दिला.

मग म्हणाले, "तवा बाप हसत तरी हुता."

ह्यांचं चुकलं नाही आणि माझंही चुकलं नाही, तरी मी ताटावरून उठले.

२ मार्च
माझ्या बशीतल्या पेशी छान चिकटल्या. टीएसएच काढून घेतला. त्या झोपतील, मी देईन, त्या उठतील. हातात असतं सगळं. घरी आले तर आबा ओट्यावर, बरोबर त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून, दोन वर्षं बसायचे तसे. 

मी चहा ठेवला. दिला तेव्हा घेतला त्यांनी, मागितला नव्हता.

१२ मार्च
रिपोर्ट. टीएसएच आला. वर येतोय, चांगला चढतोय. पियुषिका जागी झाली आणि निरोप पाठवायला लागली. थायरोग्लोब्युलिन किंचित, यंत्राला कळेल न कळेल इतकं. सरांना फोन केला तर ते ओरडलेच आनंदानं.

आबांना ओट्यावर बसून वाचून दाखवला. म्हटलं, निरोप पोचलाय, गाठ ऐकतेय, महिन्याभरात तुमचं तुम्हाला पुरेसं होईल. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. 

"न्हाय, ते कळलं. गाठीनं पळालो, गाठ झोपली म्हनून बसलो. समदं कळलं." घोंगडी जराशी सारखी केली. "पर तुजी आत्याबाई गेल्यावर दोन वरीस बसलो, ते कंच्या गाठीनं गं?"

त्या वेळी गाठ अगदी ठणठणीत असणार. टीएसएच येत होता, रिसेप्टर होते, जनुक वाचलं जात होतं. कुठलाही रिपोर्ट नॉर्मल आला असता. 

मी म्हटलं, त्याची तपासणी नाही आबा.

"मंग तुज्या सायबाला इचार," म्हणाले. आणि आत जाऊन आडवे व्हायची वेळ झाली होती तरी गेले नाहीत. मीही उठले नाही. शेळ्या परत आल्या, त्यांना कुणीतरी बांधायचं होतं. आम्ही दोघं बघत होतो, पहिलं कोण उठतं.